मला 63-3 म्हणू नका

मागच्या शनिवारी मंडळाच्या संक्रांतीला एका मुलाने माझ्या हातावर तिळगूळ ठेवला, जॅकेटवरचं फ्लोरिडा स्टेटचं चिन्ह बघितलं आणि म्हणाला, "ताई, 63-3!" शेजारचे दोघं हसले. मीही ओठ ताणले, कारण सणावाराला भांडण नको. घरी येईपर्यंत डोकं तापलेलं होतं आणि अजून तापलेलंच आहे.

63-3 म्हणजे 2023 च्या शेवटी जॉर्जियाने आमच्या फ्लोरिडा स्टेटच्या फुटबॉल संघाचा केलेला पराभव. दोन वर्षं झाली हे ऐकतेय. अटलांटात राहते, म्हणजे जॉर्जियाच्या चाहत्यांच्या ऐन वस्तीत. ऑफिसच्या लिफ्टमध्ये ऐकायचं, मुलीच्या शाळेच्या पार्किंगमध्ये ऐकायचं, किराणा दुकानात मेथीच्या जुड्या निवडतानासुद्धा ऐकायचं. नाव नाही, गाव नाही, थेट आकडा तोंडावर. आणि आपली मराठी मुलं, जी इथे येऊन पाच वर्षं झाली नाहीत, ज्यांना फर्स्ट डाउन म्हणजे काय हे धड सांगता येणार नाही, तीही आता म्हणायला लागली. म्हणून आज एकदाच सगळं लिहून काढते.

इथलं कॉलेज फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडू छातीशी धरून पळायचा खेळ. ऑगस्टअखेर ते नोव्हेंबरअखेर फक्त 12 सामने, आणि वर आलात तर आपल्या कॉन्फरन्सची, म्हणजे संघांच्या गटाची, फायनल. चूक सुधारायला वेळच नसतो. एक सामना गेला की वर्ष हातातून गेलं असं मानतात. वरच्या श्रेणीत सव्वाशेहून जास्त संघ, आणि 2023 पर्यंत त्यातले फक्त चार राष्ट्रीय विजेतेपदासाठी खेळायचे. हे चार कोण, ते गुणतक्ता ठरवायचा नाही. टेक्सासमधल्या ग्रेपव्हाइनच्या हॉटेलात बसणारी 13 जणांची समिती ठरवायची.

मी 2017 ते 2019 टॅलाहॅसीत, फ्लोरिडा स्टेटमध्ये, शिकले. आमचे दिवस वाईट होते. 2018 मध्ये संघ 5-7 वर संपला, म्हणजे पाच जिंकले, सात हरले, आणि सलग 36 सीझन बोल सामना, म्हणजे सीझननंतरचा मानाचा सामना, खेळायची परंपरा आमच्या डोळ्यांदेखत तुटली. तरी डोक कॅम्पबेल स्टेडियमवर जायचोच. रेनेगेड नावाच्या घोड्यावरून ओसिओलाच्या वेशातला स्वार जळता भाला घेऊन येतो आणि मैदानाच्या मधोमध रोवतो, त्या क्षणाला अंगावर येणारा काटा हरण्या-जिंकण्यावर अवलंबून नसतो. 2020 ला 3-6. 2021 ला पहिले चार सामने हरलो, त्यातला एक तर जॅक्सनव्हिल स्टेटसारख्या खालच्या श्रेणीतल्या संघाशी, अगदी शेवटच्या चेंडूवर. त्या रात्री मी जेवले नव्हते. हे सगळं सोसून 2023 आलं होतं, हे आधी समजून घ्या.

आणि काय आलं होतं! पहिल्याच सामन्यात ऑरलँडोत एलएसयूला (लुइझियाना स्टेटला) 45-24. क्लेमसनला त्यांच्याच मैदानावर जादा वेळेत 31-24. मायामीला 27-20. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून सगळा खेळ चालवणारा, जॉर्डन ट्रॅव्हिस, जो 2019 पासून या संघाबरोबर होता, ज्याने ते सगळे लाजिरवाणे पराभव अंगावर घेतले होते, तो त्या वर्षी असा खेळत होता की बघत राहावं. 18 नोव्हेंबरला नॉर्थ अलाबामाविरुद्ध त्याचा डावा पाय मोडला. स्टेडियम गप्प झालं. टीव्हीसमोर मी गप्प झाले.

संघ थांबला का? नाही. तो सामना 58-13 जिंकला. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक घेऊन फ्लोरिडाला त्यांच्या घरी 24-15 हरवलं. मग त्यालाही दुखापत, तर 2 डिसेंबरला शार्लटला कॉन्फरन्सच्या फायनलमध्ये तिसऱ्या क्रमांकाचा, कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा पोरगा उतरवला. पासिंग जवळजवळ बंद पडलं होतं. मग बचाव फळीने सामना खांद्यावर घेतला. लुइव्हिलला पूर्ण सामन्यात सहा गुण. सहा! 16-6. सीझन 13-0. ज्याला हा खेळ कळतो त्याने तो सामना बघून हात जोडायला हवेत. मुख्य खेळाडू गेल्यावर उरलेल्यांनी जे केलं, त्यालाच मी संघ म्हणते.

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, चार नावं आली. मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सास, अलाबामा. आम्ही पाचवे. टेक्सास एक हरलेला. अलाबामा एक हरलेला. आम्ही एकही न हरता बाहेर. ही चार संघांची प्ले-ऑफ 2014 ला सुरू झाल्यापासून मोठ्या पाच कॉन्फरन्सपैकी एखादीचा अपराजित विजेता बाहेर ठेवला गेला, असं त्याआधी कधीच झालं नव्हतं. कारण काय, तर ट्रॅव्हिस नाही, म्हणून हा संघ आता पूर्वीचा राहिला नाही.

मला सांगा, दहावीला बोर्डात पहिली आलेल्या मुलीला, "आता तुझा हात मोडलाय, तू पुढे लिहू शकशील असं आम्हाला वाटत नाही," म्हणून अकरावीत प्रवेश नाकारला तर चालेल तुम्हाला? पेपर तिने दिलेत. गुण तिने मिळवलेत. तुम्ही पुढचं भविष्य कोणत्या अधिकाराने बघताय?

समितीच्या नियमावलीत महत्त्वाचा खेळाडू उपलब्ध नसणं विचारात घेता येतं, हे मला माहीत आहे. वकिली करायला येणाऱ्यांनी तेवढ्यासाठी येऊ नये. 2014 ची गोष्ट सांगा. ओहायो स्टेटचा क्वार्टरबॅक मिशिगनविरुद्ध जायबंदी झाला, तिसऱ्या क्रमांकाचा कार्डेल जोन्स आला, आणि एक सामना हरलेल्या त्या संघाला याच प्ले-ऑफमध्ये चौथी जागा मिळाली. त्यांनी अलाबामाला 42-35 हरवलं, ओरेगनला 42-20 हरवलं आणि विजेतेपद घेऊन गेले. तिसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक काय करू शकतो, याचं उत्तर यांच्याच इतिहासात लिहिलेलं आहे. यावर लोक म्हणतात, "पण ओहायो स्टेटने त्याआधी विस्कॉन्सिनला 59-0 मारलं होतं." म्हणजे जिंकणं पुरत नाही, तुमच्या डोळ्यांना आवडेल असं जिंकायला हवं? मग सामने घेता कशाला, सौंदर्यस्पर्धा घ्या!

आता त्या 63-3 वर येते.

30 डिसेंबर 2023, ऑरेंज बोल, समोर जॉर्जिया. कोणत्याही बोल सामन्यातला सगळ्यात मोठ्या फरकाचा पराभव तो. नाकारत नाही. पण मैदानावर कोण होतं ते बघितलंत? कीऑन कोलमन नाही, जॉनी विल्सन नाही, ट्रे बेन्सन नाही, जॅरेड व्हर्स नाही. दुसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅकसुद्धा नाही. वीसहून जास्त खेळाडू बाहेर. ज्या सामन्यातून काही मिळायचं नाही त्यात पाय मोडून घेऊन व्यावसायिक करिअर कोण घालवेल? आणि पाय मोडला की तुमचं काय होतं, हे तर त्यांना समितीनेच नुकतं शिकवलं होतं. विजेतेपदासाठी खेळायचं असतं तर हीच पोरं उतरली असती. तुम्ही आधी संघाच्या छातीतून जीव काढून घेतला आणि मग म्हणालात, बघा, हलत नाही.

म्हणून 63-3 हा समितीच्या निर्णयाचा पुरावा होऊच शकत नाही. निर्णयानंतर चार आठवड्यांनी, निर्णयामुळे फुटलेल्या संघाचा तो स्कोअर आहे. एवढा साधा क्रम लोकांच्या डोक्यात का शिरत नाही?

पुढचं वर्ष आठवलं तरी पोटात गोळा येतो. डब्लिनमध्ये जॉर्जिया टेककडून शेवटच्या किकवर 24-21. मग बॉस्टन कॉलेज, मग मेम्फिस, घरच्या मैदानावर. नोत्र दामने 52-3 केलं. देशात दहाव्या क्रमांकावरून सुरुवात करून 2-10! आणि याचा राग मला समितीवर काढायचा नाही. हा आमच्याच लोकांवरचा राग आहे. जानेवारी 2024 मध्ये अलाबामाचे प्रशिक्षक निक सेबन निवृत्त झाले, त्यांची खुर्ची रिकामी झाली, तसे आपला माणूस तिकडे जाईल म्हणून आमचे लोक घाबरले आणि आमचे प्रशिक्षक नॉर्वेल यांना वर्षाला एक कोटी डॉलरच्या घरातला करार देऊन बसले. आता काढायचं म्हटलं तर भरपाईचा आकडा बघून हात थांबतो. 2025 ला अलाबामालाच 31-17 हरवलं, पोरं मैदानात धावली, मी घरात ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. आणि संपलो कुठे? 5-7. स्टॅनफर्डकडूनसुद्धा हरून. हा संताप वेगळा, त्यावर माझ्याशी कुणीही तासभर बोला, मी तुमच्यापेक्षा जास्त शिव्या घालेन. पण 2024 ची घाण 2023 च्या पोरांच्या अंगाला पुसू नका. ती पोरं हरली नव्हती.

ट्रॅव्हिसचं काय झालं माहीत आहे का त्या तिळगूळवाल्याला? 2024 मध्ये एनएफएलच्या, म्हणजे व्यावसायिक लीगच्या, खेळाडू-निवडीत न्यूयॉर्क जेट्सने त्याला पाचव्या फेरीत घेतलं. पाय बरा झालाच नाही. एनएफएलचा एकही सामना न खेळता एप्रिल 2025 मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. कॉलेजमधला तो सीझन हेच त्याचं शेवटचं फुटबॉल ठरलं, आणि त्या सीझनची आठवण म्हणून लोक काय फेकतात तोंडावर? ज्या सामन्यात तो नव्हताच त्याचा स्कोअर.

आणि 2024 पासून प्ले-ऑफ 12 संघांचं झालं. वरच्या पाच कॉन्फरन्स विजेत्यांना जागा पक्की झाली. एका वर्षाने! हाच नियम आधी असता तर समितीला काही ठरवायचंच नव्हतं, दार उघडंच होतं. हे वाचलं तेव्हा मी लॅपटॉप बंद करून बाल्कनीत जाऊन उभी राहिले होते.

तर यापुढे कुणी 63-3 म्हणालं की मी एकच विचारणार: 2 डिसेंबरला शार्लटला काय स्कोअर होता? सांगता आला तर बसा, चहा टाकते, बोलू. नाही आला तर माझ्या जॅकेटकडे बघू नका.