दाराला कुलूप, पण दफनभूमी उघडी

लॉकडाऊनमध्ये क्वेकरांच्या (पुरोहिताविना, मौनात एकत्र बसून प्रार्थना करणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या) बंद प्रार्थनास्थळाबाहेरून परत फिरावं लागल्याची तुमच्या लेखातली हुरहूर पोचली. आम्हीही २०२० च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या बकिंगहॅमशरमधल्या जॉर्डन्सच्या क्वेकर प्रार्थनास्थळी गेलो होतो. १६८८ ची विटांची इमारत. कळस नाही, घंटा नाही. नवख्याला एखादं जुनं टुमदार घरच वाटावं. २००५ मध्ये छपराला आग लागली होती, ते नंतर नव्यानं बांधलं. काचेला नाक लावून पाहिलं तर आत नुसती लाकडी बाकं. वेदी नाही, मूर्ती तर नाहीच.

दफनभूमी मात्र उघडी होती. पेनसिल्व्हेनिया वसवणारा विल्यम पेन इथेच पुरलेला आहे. त्याचा दगड जेमतेम गुडघ्याइतका, वर नाव आणि साल, बस्स! सुरुवातीचे क्वेकर थडग्यावर दगड ठेवणंही मिरवणं मानत. हे दगड नंतर बसवलेले, त्यामुळे नेमकी जागा हीच का, कोण सांगणार. (आपल्याकडच्या पुढाऱ्यांना एकदा इथे आणायला हवं.)

‘वास्तूला पावित्र्य न मानणाऱ्यांना कुलपाचं काय एवढं’, हे लेखातलं म्हणणं मात्र पटलं नाही. पुरोहित नसेल, पण एकत्र बसणं तर लागतंच ना? झूमवर सगळे म्यूट असतात, म्हणून ती त्यांची मौनसभा होते असं थोडंच आहे?

मार्जरी साइक्स क्वेकरच होत्या. सेवाग्रामला नई तालीमचं, म्हणजे गांधीजींच्या शिक्षणपद्धतीचं, काम त्यांनी बरीच वर्षं केलं. पुढचा लेख त्यांच्यावर येऊ द्या.