निरोगी जोडीला रोज कॅल्शियमचे थेंब? त्या मेसेजमधला एकेक मुद्दा बघूया

सध्या पाळीव पक्ष्यांबद्दल एक मेसेज खूप फिरतोय. बजी असो, कॉकॅटील असो की फिंच, जोडी ब्रीडिंगला लावली की रोज पाण्यात कॅल्शियम आणि मल्टिव्हिटॅमिनचे थेंब टाका, अंडं कधीच अडकणार नाही, अंडी रिकामी (म्हणजे पिल्लू न धरलेली) जाणार नाहीत, आणि जास्त झालंच तर पांढऱ्या शीटमधून निघून जातं, नुकसान काही नाही. यातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं, म्हणून तिथूनच सुरू करते.

शीटमधला पांढरा भाग कॅल्शियम नसतोच. ते यूरेट्स, म्हणजे पक्ष्याची लघवीच समजा, किडनी युरिक ॲसिड त्या रूपात बाहेर टाकते. आयुष्यात एक थेंब कॅल्शियम न दिलेल्या पक्ष्याची शीटही पांढरीच दिसते. आणि या थेंबांत बहुतेक वेळा व्हिटॅमिन डी३ मिसळलेलं असतं, त्याचं काय? ए, डी, ई, के ही व्हिटॅमिन्स चरबीत विरघळतात, बी सारखी सहज निघून जात नाहीत, शरीरात साठत राहतात. डी३ जास्त झालं की आतडं गरज नसताना कॅल्शियम ओढत बसतं आणि ते किडनीत, रक्तवाहिन्यांत जमा होतं, वरून पक्षी बरेच दिवस ठीकच दिसतो. मकाव जातीचे पोपट तर याला फारच नाजूक. पोल्ट्रीवाल्यांना हे जुनं माहितीये, अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम असतं पण तेच खाद्य वाढत्या पिल्लांना घातलं तर त्यांच्या किडन्या खराब होतात. आणि ती कोंबडी जवळपास रोज अंडं देते हो, बजीची मादी ४ ते ६ अंडी घालून थांबते! शिवाय वाटी एकच असते, त्यातून नरही पितो, ज्याला अंडं घालायचंच नाहीये.

आता पाण्यात टाकायचं म्हणतात ते. मी स्वतः हे केलंय. माझ्या एका बजीच्या मादीला पहिल्या क्लचच्या (एका खेपेच्या अंड्यांच्या) वेळी रोज थेंब देत होते आणि तरी तिसरं अंडं मऊ कवचाचं आलं, बोटाने दाबलं तर खळगा पडत होता. मग नीट बघितलं तर संध्याकाळी वाटीतलं पाणी सकाळएवढंच होतं, वाटीला आतून बोट लावलं तर बुळबुळीत. चव बदलली म्हणून ती पीतच नव्हती. एवढासा पक्षी, दिवसाला काही मिली पाणी पितो, त्यातून किती डोस गेला ते कळायला मार्गच नाही, त्यात उजेडाने व्हिटॅमिन्स खराब होतात आणि थेंबांत साखर असली की जंतू वाढतात. पिंजरा खिडकीशी होता, ऊन येत होतं असं मला वाटायचं, पण काचेतून यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण) आत येत नाही आणि डी३ अंगात तयार व्हायला तेच लागतं. काच उघडली (जाळी आहे, आणि बाजूला सावलीची जागा ठेवली), थेंब बंद केले, समुद्रफेस म्हणजे कटलबोन टांगलं, पुढच्या क्लचला सगळी अंडी टणक आली. एका मादीवरून नियम होत नाही हे मान्य, पण मादीचं शरीर काय करतं ते बघा. अंडी घालायच्या साधारण १०-१४ दिवस आधीपासून ती हाडांच्या पोकळीत कॅल्शियम साठवायला लागते आणि कवच बनताना तिथून काढून घेते. त्या दिवसांत कटलबोनखाली पांढरी भुकटी पडलेली दिसेल, संध्याकाळी चिकटून कुरतडत बसते, अंडी झाली की ढुंकूनही बघत नाही. कवचाचा साधारण ९५ टक्के भाग कॅल्शियम कार्बोनेट आणि कटलबोनही मुख्यतः तेच, किती घ्यायचं ते तिला ठरवू द्या ना.

मल्टिव्हिटॅमिनमधल्या व्हिटॅमिन ईने अंडी भरतात, रिकामी जात नाहीत, हा मुद्दा अर्धाच खरा. कमतरता असेल तर फरक पडेल, नसेल तर वरून दिलेल्या ईने काही वाढत नाही. बसायची दांडी हलत असेल, जोडी जमलेली नसेल, फार कोवळी किंवा म्हातारी असेल तर अंडी रिकामीच जाणार, आधी तिकडे बघा.

मग कुणालाच द्यायचं नाही का? तसं नाही. नुसत्या कोरड्या दाण्यांवरच्या पक्ष्याला कमतरता होतेच, दाण्यांत कॅल्शियम कमी, फॉस्फरस जास्त आणि व्हिटॅमिन ए जवळपास नाहीच. तिथे आहार सुधारायचा, हिरवा पाला, गाजर (पालक कमी, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं). आफ्रिकन ग्रे पोपटांमध्ये कॅल्शियम खरंच कमी पडतं, तिथे तपासणी करून डॉक्टर सांगतील तेवढं द्या. पेलेट्स (तयार गोळीखाद्य) खाणाऱ्यांना मात्र वरून थेंब देऊच नका, सगळं आधीच घातलेलं असतं.

आणि अंडं अडकणं, ज्याची भीती घालून हा मेसेज खपतो. कॅल्शियमची कमतरता हे एक कारण आहे, मोठं आहे, पण लठ्ठपणा, उडायला जागा नसणं, पहिलंच अंडं, थंडी, लागोपाठ क्लच, वेडंवाकडं अंडं हीसुद्धा कारणंच आहेत आणि थेंबांनी यातलं एकही जात नाही. उलट थेंब चालू आहेत म्हणून लोक निर्धास्त राहतात आणि चौथा-पाचवा क्लच घेतात, हे बघून खरंच जीव तुटतो. मादी पिंजऱ्याच्या तळाशी फुगून बसलीये, शेपटी वरखाली होतेय, जोर लावतेय, तर चोचीत थेंब ओतू नका, श्वासनलिकेत जातात, आणि पोट दाबून अंडं काढायचा प्रयत्नही नको. छोट्या बॉक्समध्ये उबेत ठेवा आणि लगेच डॉक्टरकडे न्या, सकाळची वाट बघू नका.