'आकडा तो आकडा' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

प्रबंध जमा करायचे दिवस जवळ आले की कोल्हापुरातल्या एम.एड., पीएच.डी.वाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो: "नॉमिनल, ऑर्डिनल, इंटरव्हल, रेशो हे फक्त व्हायव्हापुरतं. आकडा तो आकडा. टक्के काढा, सरासरी काढा. लिकर्टची सगळेच काढतात. स्टीव्हन्सचं 1946 चं वर्गीकरण कधीच मोडीत निघालंय." शेवटचं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून बाकीचंही खपून जातं. (स्टीव्हन्स या मानसशास्त्रज्ञाने त्या लेखात आकड्यांच्या चार जाती पाडल्या आणि कोणत्या जातीला कोणतं गणित चालतं ते सांगितलं: नॉमिनल म्हणजे नुसतं नाव, ऑर्डिनल म्हणजे फक्त क्रम, इंटरव्हल म्हणजे सारखी अंतरं, आणि रेशो म्हणजे खरं शून्य असल्याने 'किती पट' तेही सांगता येतं. लिकर्ट म्हणजे 'पूर्ण असहमत'ला 1 ते 'पूर्ण सहमत'ला 5 असे गुण देणारी प्रश्नावली.)

"आकडा तो आकडा." मग एमएच-09 आणि एमएच-10 यांची सरासरी साडेनऊ काढा आणि गाडी कोल्हापूरची की सांगलीची ते सांगा. नॉमिनल आकडा म्हणजे नुसती पाटी. कोणत्या पाटीच्या किती गाड्या, एवढंच मोजता येतं.

"टक्के काढा." राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. फूट म्हटलं की सगळे बिनधास्त 'रेशो' लिहितात. पण 39 चे 43 झाले म्हणून "पूर दहा टक्क्यांनी वाढला" असं प्रयाग चिखलीत जाऊन सांगून बघा! नदी म्हणजे सरळ भिंतींचा हौद नव्हे. पात्रात असताना पातळी फूटभर चढायला जेवढं पाणी लागतं, त्याच्या कितीतरी जास्त पाणी काठ सोडून उसात पसरल्यावर लागतं. पातळीतला फरक सांगायला ती पट्टी चोख आहे, चार फूट म्हणजे चार फूटच. पुराची झळ मोजायला घेतलीत तर मात्र ती फार तर क्रम सांगेल: 43 हे 39 पेक्षा वाईट. किती पट, ते नाही. पट्टी तीच, प्रश्न बदलला की तिची जात बदलते. मेसेजवाल्याला हेच कळलेलं नाही.

"लिकर्टची सगळेच काढतात." काढतात खरं. एका प्रश्नाला अ गटातल्या दोघांचं उत्तर 4 आणि 4, ब गटातल्या दोघांचं 2 आणि 5. सरासरी 4 आणि 3.5, म्हणजे अ पुढे. आता 'पूर्ण सहमत'ला 5 ऐवजी 7 गुण द्या. क्रम जागच्या जागी, पण ब ची सरासरी 4.5 झाली आणि ब पुढे गेला! हा निष्कर्ष विद्यार्थ्यांचा की तुमच्या गुणांकनाचा? लिकर्टने 1932 मध्ये अनेक विधानांच्या गुणांची बेरीज घेतली होती. एकेका विधानाची सरासरी छापून वर दोन दशांश स्थळं दाखवणं, ही आपली भर.

"मोडीत निघालंय." टीका झाली, आणि चांगली झाली. ऑर्डिनल क्रमांकांच्या सरासरीतूनही कधीकधी उपयोगी निष्कर्ष निघतात, हे स्टीव्हन्सने त्याच लेखात मान्य केलं होतं. 1953 मध्ये संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक लॉर्डने फुटबॉलच्या जर्सी नंबरांची सरासरी काढून स्टीव्हन्सच्या नियमांची मस्त खिल्ली उडवली. तो लेख पुढे करणाऱ्यांनी एकदा नीट वाचावा. तिथे प्रश्न खेळाडूंच्या खेळाचा नव्हताच. नंबर देणाऱ्या मशीनमधून पहिल्या वर्षाच्या पोरांना जरा जास्तच लहान नंबर आले का, हा होता. म्हणजे तिथेही प्रश्न बदलला, म्हणून सरासरी चालली.