एक शून्य पाण्यात

महागडं घड्याळ घालून होडीत बसावं की नाही, या विषयावर माझं मत ठाम आहे. फक्त ते एक पाय राजापुरीच्या धक्क्यावर आणि दुसरा हलत्या होडीत असताना बनलेलं आहे, त्यामुळे त्यात समतोल शोधू नये.

आधी घड्याळाविषयी. नोकरीला पंचवीस वर्षं झाली, फरकाचे पैसे एकरकमी हातात आले आणि मी एक स्विस घड्याळ घेतलं. किंमत नव्वद हजार. घरी सांगितली नऊ. याला मी खोटं बोलणं म्हणत नाही. एक शून्य सांगायचं राहिलं, इतकंच; आणि शून्याला स्वतःची अशी काही किंमत नसते, हे आपल्याच पूर्वजांनी जगाला शिकवलंय.

नऊ ऐकूनसुद्धा बायको म्हणाली, "अहो, भिंतीवरचं अडीचशेचं घड्याळही हीच वेळ दाखवतं." मेहुण्याने मात्र ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं, कानाला लावलं आणि म्हणाला, "दाजी, नऊ हजारात हे? मलापण एक आणा. आत्ताच पैसे पाठवतो." त्या दिवसापासून मी मेहुण्याला टाळत होतो. म्हणून की काय, मुरुडची सहल त्यानेच ठरवली.

या घड्याळाला सेल नसतो. मनगट हललं की आतलं चक्र फिरतं आणि स्प्रिंग भरते. काढून ठेवलं की दीड-दोन दिवसांत बंद. मी ते लग्नामुंजीलाच घालतो, त्यामुळे कपाटातून काढावं तेव्हा त्यात मागच्या लग्नातली आइस्क्रीमची वेळ झालेली असते. मुरुडलाही ते तसंच, न लावता, मनगटावर चढवलं. मेहुण्यासमोर वेळ चुकलेली चालेल, घड्याळ दिसलं पाहिजे.

जंजिऱ्याला जायला राजापुरीहून शिडाची होडी मिळते. धक्क्यावर उभा राहून मी समोर पाहिलं. पाणी. खाली पाहिलं. पाणी. मग मनगटाकडे पाहिलं.

"भिजेल असं वाटत असेल तर काढून ठेवा ना," बायको म्हणाली.

काढून ठेवा म्हणणं सोपं. ठेवायचं कुठे? पँटच्या खिशात ठेवलं तर होडीत अर्धं गाव मांडीवर बसणार. हॉटेलच्या खोलीत ठेवावं, तर त्या खोलीची कडी बाहेरून आणि आतून सारख्याच सहजतेने निघत होती. राहिली बायकोची पर्स. त्यात पाण्याची बाटली, किल्ल्या, निम्मी खाल्लेली चिक्की आणि झाकण सैल झालेली तेलाची बाटली एकत्र नांदत होते. आणि मुख्य अडचण अशी की नव्वद हजारांची काळजी मला नऊ हजारांच्या चेहऱ्याने करायची होती. नऊ हजारांच्या घड्याळासाठी माणूस एकदा "अरेरे" म्हणू शकतो. धक्क्यावर पंधरा मिनिटं येरझाऱ्या घालू शकत नाही.

"पन्नास मीटरपर्यंत वॉटरप्रूफ आहे," मी मोठ्याने म्हणालो. घड्याळाच्या पाठीवर तसा आकडा होता खरा. पण हे मीटर म्हणजे एक वेगळंच प्रकरण आहे. पन्नास मीटर लिहिलंय म्हणून पन्नास मीटर खोल जायचं नसतं. तो आकडा प्रयोगशाळेतल्या दाबाच्या चाचणीचा. तीस लिहिलं असेल तर हात धुवावेत, पावसात चार थेंब पडले तर चालतील. पन्नासवर जपून पोहता येईल. बिनधास्त पोहायला शंभर तरी लागतं. पाणबुड्यांच्या घड्याळांचं अंतरराष्ट्रीय मानकच वेगळं, ते शंभरपासून सुरू होतं. म्हणजे आमंत्रणपत्रिकेवरच्या मुहूर्तासारखं. छापलेलं एक, घडायचं वेगळं, आणि जाणकाराला ते आधीच ठाऊक.

बरं, घड्याळ आणि समुद्र यांचं नातं जुनं आहे, असं मी मनाला समजावलं. समुद्रात आपण पूर्व-पश्चिम नेमके कुठे आहोत हे कळावं म्हणून ब्रिटिश संसदेने 1714 मध्ये वीस हजार पौंडांचं इनाम लावलं होतं. घड्याळ चार मिनिटं चुकलं की जहाजाचा हिशेब एक अख्खा रेखांश चुकतो. जॉन हॅरिसन नावाच्या सुताराने त्यासाठी आयुष्य घालवून एक घड्याळ बनवलं. 1761 मध्ये ते जहाजावर चढून जमैकाला निघालं आणि तिथे पोचेपर्यंत जेमतेम पाच सेकंद मागे पडलं. पण ते मनगटावर नव्हतंच. पुरीएवढं घड्याळ, पेटीत, गादीवर निजवून नेलेलं. आणि हॅरिसन स्वतः होडीत बसलाच नाही, त्याने मुलाला पाठवलं. माणूस हुशार होता.

दुसरं उदाहरण मर्सिडीज ग्लाइट्झ या इंग्रज जलतरणपटूचं. ऑक्टोबर 1927 मध्ये ती इंग्लिश खाडीच्या गारठलेल्या पाण्यात तासन्‌तास होती आणि तिच्याजवळचं रोलेक्स चालूच राहिलं, म्हणून कंपनीने वर्तमानपत्रात पानभर जाहिरात दिली. ते घड्याळ तिने गळ्यात अडकवलं होतं. म्हणजे पाहा, एकाने पेटीत ठेवलं, दुसरीने गळ्यात. मनगटावर घालून गेलेला शहाणा इतिहासात मला सापडला नाही. ती जागा रिकामी होती.

होडीत बसलो. नाखवा साठीचा, अंगाने काटक, मनगटं दोन्ही मोकळी.

"परत कधी यायचं?" मेहुण्याने विचारलं.

"पाऊण तास फिरा किल्ल्यात. मग या."

"तुमच्याकडे घड्याळ नाही, कळणार कसं?"

"आज तिथी काय?" नाखव्याने उलट विचारलं. कुणालाच सांगता येईना. "पंचमी," त्यानेच सांगितलं. "पाचाची पाऊणपट करा."

आमचा दहावीतला मुलगा पाढे विसरलाय असं मला वाटत होतं, पण तो पटकन म्हणाला, "पावणेचार."

"पावणेचारला भरती. थोडं पुढंमागं."

शुद्ध असो की वद्य, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. किनाऱ्यावरच्या लोकांना हे पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ आहे. मुलाने मोबाइलवर भरतीचा तक्ता काढून पाहिला. फारसा फरक नव्हता. नव्वद हजारांचं घड्याळ घालून बसलेल्या माणसाच्या शेजारी एक माणूस चंद्रावरून वेळ सांगत होता, आणि तीही फुकट.

"दाजी, तुमच्यात किती वाजले?" मेहुण्याने विचारलंच.

माझ्यात मामेबहिणीच्या मुलाच्या मुंजीचे आठ वीस वाजले होते. मी हात मांडीखाली घेतला, हळूच चावी बाहेर ओढली आणि मुलाच्या मोबाइलकडे तिरकं बघत काटे फिरवायला लागलो. तेवढ्यात किल्ला आला. जंजिऱ्याचा दरवाजा फसवा. अगदी जवळ जाईपर्यंत तटात दरवाजा आहे हे कळतच नाही, आणि कळतं तेव्हा तो एकदम अंगावर येतो. "चला, उठा, उठा!" नाखवा ओरडला. होडी लाटेबरोबर वर जायची, खाली यायची. पायरीवर शेवाळ. पलीकडे एक खलाशी उभा, प्रत्येकाचा हात धरून वर ओढत होता.

माझी पाळी आली. मी उजवा हात पुढे केला. घड्याळ डाव्या हातात होतं, एवढं भान मी राखलं होतं. खलाशाने उजव्या हाताकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "हात नाय, मनगट द्या, हात सटकतो," म्हणत त्याने डावं मनगट पकडलं. घड्याळासकट. त्याचा तो पंजा सांडशीच्या पकडीसारखा होता, आणि ओला. त्याच क्षणी होडी खाली गेली, मी वर राहिलो, आणि एक लाट आम्हा दोघांच्या मधून, कोपरापर्यंत निवांत चढून गेली.

चावी बाहेरच होती. आत ढकलायची राहिली होती. चावी उघडी असली की पन्नास मीटर काय आणि पाचशे काय, घड्याळ म्हणजे बूच काढलेली बाटली.

किल्ल्यात कलालबांगडी तोफेजवळ सगळ्यांनी फोटो काढले. शिवाजी महाराजांच्या, संभाजी महाराजांच्या फौजांनाही जो किल्ला दाद देईना, त्याच्या दारात माझं घड्याळ पहिल्याच लाटेला शरण गेलं. काचेखाली आधी धुकं आलं, मग सहाच्या आकड्यापाशी एक थेंब जमला आणि मी हात हलवेन तसा तो तबकडीवर फेरफटका मारू लागला. मी हसऱ्या चेहऱ्याने उभा होतो. फोटोत माझा डावा हात पाठीमागे आहे. मेहुणा म्हणतो, "दाजी काय रुबाबात उभे आहेत."

घरी आल्यावर मुलाच्या सल्ल्याने घड्याळ कोलमच्या डब्यात पुरलं. तांदूळ ओल शोषतो असं म्हणतात. मीठ मात्र तो शोषत नाही, ते आत राहून निवांत गंज चढवतं. तिसऱ्या दिवशी बायकोनेच तांदूळ निवडताना ते बाहेर काढलं आणि आम्ही दोघं कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्या काकांकडे गेलो.

काकांनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

"कितीला घेतलं?"

"नऊ हजार," बायको म्हणाली.

काकांनी भिंगाच्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. मग बिनभिंगाच्या. "मग डुप्लिकेट असणार. यात पैसे घालू नका. हवं तर आतलं मशीन काढून साधं सेलवालं बसवून देतो. साडेसातशे होतील."

"बसवा," बायको म्हणाली.

"विचार करून सांगतो," मी म्हणालो. माझाच आवाज मला मुंजीच्या मांडवातून आल्यासारखा वाटला.

घरी जाताना बायको खूप प्रेमाने वागली. फसवलं गेलेल्या माणसाला जपावं लागतं. रात्री तिने भावाला फोन केला, "बरं झालं तू पैसे पाठवले नाहीस. नकली निघालं रे." मी शेजारी बसून मान हलवत होतो. मेहुणा कटकट करायचा थांबला, एवढाच काय तो फायदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऑफिसला जातो सांगून, मी पुन्हा काकांच्या टपरीपुढे उभा राहिलो. त्यांनी मान वर न करता विचारलं, "वहिनी नाहीत ना बरोबर?"

"नाही."

"हां. आता खरी किंमत सांगा."