दंड खेळाडूला, कॅडीला नव्हे

आमच्या गोल्फ क्लबने आज एका कॅडीला, म्हणजे खेळाडूची बॅग वाहणाऱ्या मदतनिसाला, पंधरा दिवसांसाठी कामावरून बंद केले. गुन्हा काय, तर रविवारच्या मासिक स्टेबलफोर्ड स्पर्धेत (हिच्यात प्रत्येक होलला फटक्यांवरून गुण मिळतात) त्याने आपल्या साहेबांचा चेंडू पायाने सरकवला. ज्या साहेबांसाठी सरकवला, ज्यांनी तो सरकवलेला चेंडू सुखाने मारला आणि ज्यांच्या कार्डावर त्या होलचे गुण जमा व्हायचे होते, त्यांना समितीने ‘यापुढे दक्षता घ्यावी’ असे तोंडी सांगितले आणि विषय मिटवला. संध्याकाळी ते नेहमीच्या टेबलाशी नेहमीच्या मंडळींसोबत बसलेले होते. मीही तिथेच होते, आणि घरी येऊन लगेच लिहायला बसले आहे, कारण सकाळपर्यंत थांबले तर राग निवळेल आणि तो निवळावा अशी माझी मुळीच इच्छा नाही.

ज्यांना प्रसंग ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. त्या फोरबॉलमध्ये, म्हणजे चौघांच्या गटात, मी या गृहस्थांची मार्कर होते, म्हणजे त्यांच्या फटक्यांची नोंद ठेवून शेवटी त्यांच्या कार्डावर सही करण्याची जबाबदारी माझी होती. चौदावा होल पार चारचा आहे, म्हणजे तो चार फटक्यांत पूर्ण होणे अपेक्षित असते. त्यांचा ड्राइव्ह, म्हणजे पहिला लांब फटका, डावीकडे वळून सुबाभळीखालच्या गवतात गेला, आणि पावसाळ्यात ते गवत घोट्याच्या वर येते हे इथे खेळणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. ‘बघ रे, नीट मिळाला पाहिजे,’ असे साहेबांनी लांबूनच बजावले. मी माझ्या चेंडूकडे जाता जाता सहज मान वळवली तर कॅडी हात पाठीमागे बांधून, मान वर करून ग्रीनकडे (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीकडे) बघत वारा कुठल्या बाजूचा आहे ते साहेबांना सांगत होता. त्याची एक चप्पल मात्र गवतात मागे राहिली होती. पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या चिमटीत पांढरा चेंडू धरून त्याने तो दोन पावले पुढे, गवताच्या एका उंच झुबक्यावर, अंडे ठेवावे इतक्या हळुवारपणे ठेवला. वरचे अंग तसूभरही हलले नाही. हे कौशल्य एका दिवसात येत नाही, आणि कुणाच्या तरी गरजेशिवाय तर येतच नाही.

मी तिथल्या तिथे बोलले. उत्तर आले, ‘अहो मॅडम, आपण काय टायगर वुड्स आहोत का?’ साहेबांनी तो चेंडू मारला, पाचात होल पूर्ण केला आणि कार्डावर पाच लिहा म्हणाले. मी दोन फटके दंडाचे धरून सातच लिहीन म्हणाले. त्यांच्या हॅन्डिकॅपनुसार (खेळाडूच्या कौशल्याप्रमाणे मिळणाऱ्या फटक्यांच्या सवलतीनुसार) त्या होलवर त्यांना एक फटका मिळतो, त्यामुळे पाचाचे दोन गुण होतात आणि साताचा शून्य. दोन गुणांसाठी हे सगळे. मी सही केली नाही, समितीला कळवले, आणि मला वाटले की आता नियमाप्रमाणे काय ते होईल.

नियम काय सांगतो ते लिहिते, कारण समितीतील कुणीही पुस्तक उघडलेले दिसत नाही. दहाव्या नियमाच्या तिसऱ्या भागात स्वच्छ म्हटले आहे की कॅडीच्या कृतीला खेळाडू जबाबदार असतो आणि कॅडीने नियम मोडला तर दंड खेळाडूला होतो. यात ‘खेळाडूला माहीत असेल तर’ अशी पळवाट ठेवलेली नाही. हलवलेला चेंडू मूळ जागी परत न ठेवता पुढे मारला तर दोन फटक्यांचा दंड बसतो, आणि खेळाच्या भावनेला धरून नसलेले गंभीर वर्तन केले तर पहिल्याच नियमाखाली समिती खेळाडूला स्पर्धेतून बाद करू शकते. गोल्फचे नियम ठरवणाऱ्या आरअँडए आणि अमेरिकन गोल्फ संघटना या दोन संस्थांच्या या पुस्तकात कॅडीची रोजी पंधरा दिवस तोडण्याची तरतूद मी तरी वाचलेली नाही. आमच्या समितीने यातील काहीच केले नाही. साहेबांचे कार्ड ‘आलेच नाही’ असे दाखवले, म्हणजे दंड नाही, बाद नाही, नोंद नाही, आणि सगळा दोष पायाच्या दोन बोटांवर टाकून मोकळे झाले.

या खेळात फटक्याफटक्याला सोबत चालणारा पंच नसतो, हे मी माझ्या यादीतल्या मंडळींना समजावून सांगायला नको. आपण चौघे चार दिशांना पांगतो, एकटे झुडपात शिरतो, तिथे काय घडले ते आपणच बाहेर येऊन सांगतो आणि बाकीचे तिघे ते मान्य करतात. 1744 मध्ये स्कॉटलंडमधील लीथच्या खेळाडूंनी जे तेरा नियम लिहिले तेव्हापासून हा डोलारा एवढ्याशा विश्वासावर उभा आहे. 1925 च्या यूएस ओपनमध्ये अमेरिकन गोल्फपटू बॉबी जोन्सचा चेंडू रफमध्ये (कडेच्या उंच गवतात) पवित्रा घेताना किंचित हलला. दुसऱ्या कुणालाही तो हललेला दिसला नव्हता. तरी त्याने स्वतःवर एक फटका लावून घेतला, शेवटी बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये तो हरला. तो एक फटका सांगितला नसता तर करंडक त्याचा होता. आमच्या बारच्या भिंतीवर जुन्या गोल्फपटूंच्या तसबिरी लावलेल्या आहेत, आणि त्यांच्याच खाली बसून हे गृहस्थ आज भजी मागवत होते.

आता ‘कॅडीही काही साधे नसतात’ हे वाक्य मला दिवसभरात अनेकांनी ऐकवले आहे. असेल. कॅडी आपापसात आपल्या साहेबांवर पैजा लावतात हे मलाही माहीत आहे, आणि त्या रविवारी याने लावली नव्हती असे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण तो चेंडू कुणाचा होता, आणि ‘नीट मिळाला पाहिजे’ या शब्दांचा अर्थ त्याने काय लावायचा होता? ज्या माणसाला महिन्याचा पगार नाही, ज्याला फेरीमागे पैसे मिळतात, ज्याचा नंबर कॅडीमास्तरने पुकारलाच नाही तर तो दिवस कोरडा जातो आणि पाऊस लागून कोर्स बंद राहिला तर आठवडाच्या आठवडा जातो, त्याला साहेबांचा आवाज ओळखावाच लागतो. साहेब जिंकले तर वर शंभर-दोनशे सुटतात, साहेब चिडले तर पुढच्या रविवारी दुसऱ्याला बोलावतात. 2020 च्या टाळेबंदीत कोर्सना कुलपे लागली तेव्हा या माणसांचे काय झाले ते आपण पाहिलेले आहे. अशा माणसाने नाही म्हणावे आणि आपण मात्र समितीच्या खोलीत बसून ‘दक्षता घ्यावी’ म्हणावे, ही अपेक्षा करायला एक विशेष प्रकारचे काळीज लागते.

मला सगळ्यात जास्त झोंबले ते हे की ही माणसे शिष्टाचाराच्या बाबतीत ढिली नाहीत, उलट फार कडक आहेत. कॉलर नसलेला शर्ट घालून आलेल्या एका पाहुण्या मुलाला याच गृहस्थांनी पहिल्या टीवरून (जिथून होलचा पहिला फटका मारतात तिथून) परत पाठवले होते. मोजे कितपत वर असावेत यावर आमच्याकडे पत्रव्यवहार होतो. आणि तीच माणसे ग्रीनवर दुसरा पट (चेंडू घरंगळवणारा हलका फटका) मारत असताना फोनवर जागेचे व्यवहार ठरवतात, बंकरमधून, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातून, बाहेर येताना मागे म्हशी बसून उठल्यासारखा खड्डा ठेवून जातात आणि दाताळे कॅडीकडे फेकतात, डिव्हट (फटक्याने उखडलेली हिरवळ) भरत नाहीत, ग्रीनवर चेंडू पडून झालेली खूण दुरुस्त करत नाहीत. हरवलेला चेंडू शोधायला 2019 पासून पाचऐवजी तीनच मिनिटे मिळतात, पण आमच्याकडे ती तीन मिनिटे साहेब स्वतः झुडपाशी पोहोचल्यावर सुरू होतात. वास्तविक कॅडीने शोध सुरू केला की घड्याळ सुरू होते. मागे तीन फोरबॉल खोळंबलेले असतात. आणि चेंडू लोकांच्या दिशेने गेला तर ‘फोर’ म्हणून ओरडायचे कामसुद्धा आगेवाल्याचे, म्हणजे चेंडू कुठे पडतो ते बघायला पुढे उभ्या केलेल्या माणसाचे! तो बिचारा पुढे फेअरवेवर (मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) उभा, चेंडू त्याच्याच अंगावर येणार, आणि ओरडायचेही त्यानेच.

इतके लिहून झाल्यावर जरा पाणी प्यायले. मला या खेळाचा राग येत नाही, हीच तर खरी अडचण आहे. रविवारी उजाडता उजाडता पहिल्या टीवर उभे राहिले की फेअरवेवर दवाची साय धरलेली असते आणि आपल्या आधी तिच्यावरून फक्त बगळे चालून गेलेले असतात. सगळी सकाळ चेंडू उजवीकडे नाही तर डावीकडे जातो, पाण्यात जातो, झाडाला आपटून परत येतो, आणि मग केव्हातरी एक सात नंबरचा आयर्न असा लागतो की हाताला काही जाणवतच नाही; चेंडू उठतो, थांबल्यासारखा होतो आणि ग्रीनवर जाऊन बसतो. त्या एका फटक्यावर पुढचा आठवडा निघतो. आणि तो फटका मला कुणी शिकवला? प्रशिक्षकाला मी भरपूर पैसे दिले, पण ‘मॅडम, डोकं खाली, चेंडू मी बघतो’ हे मला एका कॅडीने सांगितले. ग्रीनचा उतार कुणीकडे आहे, सकाळी ओल असताना पट किती जोरात मारायचा आणि दहानंतर ऊन चढल्यावर किती हलका, हे त्यांना पावलांना कळते. मागच्या उन्हाळ्यात टिटवीने अकराव्या फेअरवेच्या कडेला खडकाळ जागी अंडी घातली, तेव्हा तिच्याभोवती चार काड्या रोवून सुतळी बांधणारे हेच लोक होते. कुणीही त्यांना सांगितले नव्हते. आम्ही सदस्यांनी फक्त फोटो काढले.

याच लोकांमधून काय घडले आहे तेही आठवा. 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकणारे अली शेर दिल्लीत कॅडी होते. गोल्फपटू एस. एस. पी. चौरसियांचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबच्या हिरवळीची निगा राखायचे, मुलगा तिथेच कॅडी म्हणून वाढला आणि 2016 आणि 2017 अशी लागोपाठ दोन वर्षे इंडियन ओपन जिंकला. 2021 च्या ऑगस्टमध्ये टोकियो ऑलिम्पिकमध्ये गोल्फपटू अदिती अशोक चौथी आली तेव्हा आपण सगळे पहाटे उठून टीव्हीसमोर बसलो होतो, आदल्या दिवसापर्यंत ज्यांना बर्डी माहीत नव्हती तेही, आणि तिची बॅग तिच्या आईच्या खांद्यावर होती. त्या आठवड्यात आमच्या ग्रुपवर कॅडी म्हणजे खेळाडूचा दुसरा मेंदू वगैरे संदेश फिरत होते. त्याच ग्रुपवर आज ‘खेळ आहे, इतके ताणू नका’ असे आले आहे. एकाने तर ‘लेडीज सेक्शनला नियमांची फार आवड’ असे लिहून हसरा चेहरा टाकला. त्याला उत्तर देत नाही. नियमांची आवड नसेल तर शेतात जाऊन चेंडू मारावा, सदस्यत्व शुल्क वाचेल.

गोल्फ हीच मुळात चैन आहे, एवढी जमीन आणि एवढे पाणी आपण काही जणांनी अडवून ठेवले आहे, असे माझी मुलगी म्हणते आणि तिच्याशी मी या मुद्द्यावर वाद घालत नाही. पण मग चैन करणाऱ्याने निदान तिचा हिशेब स्वतः द्यावा. हॅन्डिकॅप आता शेवटच्या वीस फेऱ्यांतील सर्वोत्तम आठांवरून निघतो. त्या वीसांत किती चेंडू बोटांच्या चिमटीतून गेले आणि किती कार्डे सोयीने ‘आलीच नाहीत’, हे कुणाला कळणार? त्या गृहस्थांचा हॅन्डिकॅप आता मी कोणत्या तोंडाने खरा मानायचा, आणि पुढच्या महिन्यात ते बक्षिसाची छत्री घेऊन फोटो काढतील तेव्हा टाळ्या कुणी वाजवायच्या?

त्या कॅडीशी मी बोलले. गेटबाहेर चहाच्या टपरीवर होता. पायात तीच चप्पल. साहेबांविषयी तो एक शब्द वाईट बोलला नाही, मला मात्र म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही सही केली असती तर भागलं असतं.’ यावर मला लगेच काही सुचले नाही. त्याच्या बाजूने ते खरेच आहे. माझ्या सही न करण्याचा भुर्दंड आज तरी त्याच्या एकट्याच्या खिशातून जातो आहे. तरीही पुढच्या वेळी मी सही करणार नाही, आणि म्हणूनच ही शिक्षा योग्य माणसाकडे वळवणे हे आता माझे काम झाले आहे.

समितीला देण्याचे पत्र तयार आहे. मागण्या दोनच: कॅडीवरील बंदी आजपासून उठवावी आणि बुडालेल्या फेऱ्यांचे पैसे त्याला द्यावेत, आणि त्या रविवारचे कार्ड नियमाप्रमाणे निकाली काढून निर्णय, खेळाडूच्या नावासह, नोटीस बोर्डावर लावावा. क्लबचे जे सदस्य ही पोस्ट वाचत आहेत त्यांनी सही करायची असल्यास शुक्रवारी दुपारपर्यंत मला निरोप द्यावा. पत्र मी स्वतः सचिवांच्या हातात देणार आहे. ज्यांना सही करायची नाही त्यांनी कारण कळवण्याचे कष्ट घेऊ नयेत, आणि ‘मॅडम, सेटल करून टाकूया’ असा फोन तर मुळीच करू नये.