पंक व्हा, पण रेकॉर्डला हात लावू नका

पंक म्हणजे सत्तरच्या दशकात गाजलेलं रांगडं, बंडखोर रॉक संगीत. त्याचा अस्सल चाहता व्हायचं असेल तर घाई करू नका, आधी पन्नाशी गाठा. विशीत बंड कुणालाही जमतं. घराचं कर्ज फिटल्यावर, पोरगी बंगळूरला नोकरीला लागल्यावर आणि डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितल्यावर जे बंड सुचतं, ते टिकतं. शिवाय त्याच्या पाठीशी पीएफ असतो.

सुरुवात इतिहासापासून करा, कारण समोरच्याला तो ठाऊक नसतो. रामोन्स या अमेरिकन पंक बँडचा पहिला अल्बम १९७६ चा. १४ गाणी, सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत, आणि खर्च म्हणाल तर साडेसहा हजार डॉलरसुद्धा नाही. चौघांनीही आडनाव रामोन लावलं, पण भाऊ कुणीच कुणाचा नव्हता. फारसं काही येत नसताना, स्वस्तात आणि झटपट गाणं करता येतं हे त्या पोरांनी जगाला दाखवलं. हे मनापासून पटवून घ्या आणि मग त्याच अल्बमची १८० ग्रॅमची जाडजूड परदेशी रेकॉर्ड मागवा. कुरिअर आणि कस्टम धरून जी रक्कम होईल तिच्यात नागपूरच्या सीताबर्डीवर शिकाऊ गिटार येते. गिटार घेऊ नका. घेतली की वाजवावी लागते.

सेक्स पिस्टल्स या इंग्लिश पंक बँडच्या ‘गॉड सेव्ह द क्वीन’ या गाण्याची कथा मात्र तोंडपाठ हवी. मार्च १९७७ मध्ये ए अँड एम या रेकॉर्ड कंपनीने त्यांच्याशी करार केला, आठवडाभरात मोडला आणि छापून तयार असलेल्या सुमारे २५,००० प्रती नष्ट करवल्या. त्यातून वाचलेल्या मोजक्या प्रती पुढे हजारो पाउंडांना गेल्या. म्हणजे राणीच्या नावाने बोटं मोडणारं गाणं लोकांनी राणीचंच चित्र असलेल्या नोटा मोजून घेतलं. हे सांगताना हसायचं नाही, हळहळायचं. आपल्याला तेव्हा मिळालं नाही म्हणून.

आता नागपूरचं ऊन. रेकॉर्ड असते पीव्हीसीची आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत ती दुपारच्या दुपारी वाकडी होते. मे २०१३ मध्ये आपल्याकडे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. २०२४ च्या मे महिन्याच्या शेवटी एका स्वयंचलित केंद्राने चक्क ५६ अंश दाखवले. सेन्सर बिघडला होता असं हवामान खात्याने नंतर सांगितलं, पण तोवर तुमचा एसी रेकॉर्डच्या खोलीत लागलेला पाहिजे. आईला हॉलमध्ये कूलरसमोर बसवा. उलटं करून चालणार नाही. कूलरच्या दमट हवेने कव्हरला बुरशी येते, आईला येत नाही.

रेकॉर्ड ही सोवळ्यातली वस्तू आहे हे घरादाराला कळू द्या. हात धुऊन, पुसून, कडेकडेनेच धरायची. तळमजल्यावरच्या बहिणीचा पोरगा कधीतरी वर येईल आणि उत्साहाने कव्हरमध्ये हात घालील. “अबे, बोटं नको लावू!” असं त्याच्यावर इतक्या जोरात ओरडा की त्यापुढे स्पीकरमधला गायक मवाळ वाटावा. मग तो विचारेल, “मामा, हे लोक एवढे कशावर चिडून राहिले?” हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, म्हणून त्याचं उत्तर देऊ नका. रेकॉर्ड उजेडात तिरकी धरून गाणी संपतात तिथे कोरलेला बारीक नंबर त्याला दाखवा आणि पहिली छपाई कशी ओळखायची ते समजावून सांगा. पोरगा पंधरा मिनिटांत खाली जातो. शेजारचे काका जिन्यात भेटून विचारतील, “काय भाऊ, मिक्सर बिघडला का तुमचा?” त्यांच्याकडे दयेने पाहा.

कॉन्सर्ट हा या धर्मातला कठीण भाग, कारण नागपुरात पंक बँड येत नाही. मार्च २०२५ मध्ये ग्रीन डे हा अमेरिकन बँड मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर आला होता, लोलापालूझा या संगीत महोत्सवात. अशा वेळी रेल्वेचं रिझर्व्हेशन करा आणि बडनेऱ्यापासून कल्याणपर्यंत सहप्रवाशांना समजावत राहा की ग्रीन डे म्हणजे काही खरं पंक नव्हे. मैदानात पोचल्यावर त्यांची सगळी गाणी शब्दन्‌शब्द म्हणा. धक्काबुक्कीत उतरू नका. साउंडवाल्यांच्या तंबूजवळ गुडघ्याला पट्टा बांधून, कानात बोळे घालून उभे राहा. आजूबाजूच्या पोरांना या संगीतातलं काही कळत नाही, अशी मान हलवायला विसरू नका.

४ जून १९७६ ला मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये सेक्स पिस्टल्स वाजवायला आले, तेव्हा समोर जेमतेम चाळीसेक माणसं होती असं म्हणतात. ‘मी होतो तिथे’ म्हणणारे पुढे हजारोंनी निघाले. जे खरोखर होते त्यातल्या पीटर हुकने लगोलग बेस गिटार विकत घेतली आणि मित्रांबरोबर बँड उभा केला. तुम्हीही मुंबईहून हात हलवत येऊ नका. टी-शर्ट आणा.

इकडे शहरात दर शनिवार-रविवारी कुठल्या ना कुठल्या सभागृहात कराओकेचा कार्यक्रम असतो. रिटायर्ड बँक मॅनेजर, दाताचे डॉक्टर, इन्कम टॅक्समधल्या मॅडम, सगळे पदरचे पैसे भरून स्टेजवर चढतात. ताल सुटतो, अंतरा हुकतो, पण माइक सुटत नाही. अशा लोकांना नावं ठेवणं तुमच्यासारख्या रसिकाचं कर्तव्यच आहे. गाता येत नसताना लोकांसमोर बिनधास्त गावं हीच पंकची मूळ शिकवण होती, अशी शंका कुणी काढली तर विषय स्टायलसकडे, म्हणजे रेकॉर्डवर फिरणाऱ्या सुईकडे, वळवा.

मारबतीकडेही लक्ष द्यायचं कारण नाही. तान्ह्या पोळ्याला नागपुरात इतवारी-महालातून काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठाल्या बायकी पुतळ्यांची मिरवणूक, निघते, मागून बडगे नावाचे पुतळे. बडग्यांच्या अंगावर पाट्या, पाट्यांवर पुढाऱ्यांपासून महागाईपर्यंत सगळ्यांचा नाव घेऊन उद्धार. एकोणिसाव्या शतकापासून हे चालू आहे. ढोल-ताशे, एकच ओळ, हजारो गळे: ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत!’ सुराचा प्रश्नच नाही आणि शेवटी सगळं जाळून मोकळं व्हायचं. लंडनमध्ये २०१६ साली पंकच्या चाळिशीचे सोहळे चालले होते. त्यांच्या निषेधार्थ सेक्स पिस्टल्सचे मॅनेजर माल्कम मॅकलॅरन आणि फॅशन डिझायनर व्हिव्हियन वेस्टवुड यांच्या मुलाने थेम्स नदीत नावेवर पंकचं सामान पेटवून दिलं. किंमत सांगितली पन्नास लाख पाउंड. ती बातमी तुम्ही जपून ठेवलीच असेल. मारबतीच्या दिवशी मात्र इतवारीतून जायला रस्ता नाही म्हणून कुरकुर करा. नव्या रेकॉर्डचं पार्सल अडकलेलं असतं.

रात्री रहस्यकथा वाचा. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर लिहिल्या. गुरुनाथ नाईकही त्याच पल्ल्याचे आणि सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद तर तुम्ही भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचलेला. आता तो काळ गेला. आता काळोख्या गुन्हेकथेला ‘नॉयर’ म्हणायचं आणि पुस्तक इंग्रजी हवं. एडिंबरोचा रहस्यकथाकार इयन रँकिन तरुणपणी डान्सिंग पिग्ज नावाच्या पंक बँडमध्ये गायचा, एवढं सांगितलं की तुमचे दोन्ही छंद एकाच गोत्राचे ठरतात. खून एडिंबरोत झाला तर ते समाजाचं विदारक दर्शन. नागपूरच्या सदर भागात झाला तर पेपरचं पान उलटायचं. आणि एक पथ्य पाळा. गाण्यात सगळी व्यवस्था कोसळली तरी चालेल, कादंबरीत मात्र शेवटच्या प्रकरणाआधी इन्स्पेक्टरने खुनी पकडलाच पाहिजे. नाही पकडला तर पुस्तक दुकानात परत करा.

एवढं पाळलंत तर शेवटची परीक्षा सोपी जाईल. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि वस्त्यांमध्ये पाणी शिरलं, ते आठवत असेल. बहिणीच्या घरातला फ्रिज तरंगत होता तेव्हा तुम्ही वरच्या मजल्यावर रेकॉर्ड माळ्यावर चढवत होतात, तेही वर्णानुक्रमाने. त्या पाण्यावर बहिणीच्या त्याच पोराने आता गाणं केलंय. पार्किंगमध्ये तो आणि त्याचे दोन मित्र, एक मागून आणलेली गिटार, एक पत्र्याचा डबा, दीड मिनिटाचं गाणं. “सोफा गेला, गादी गेली, साहेब पाहून राहिले!” एवढीच ओळ, पुन्हा पुन्हा, नरड्याच्या शिरा ताणून. चौकीदार हातातला झाडू टाकून ऐकतोय.

सोसायटीचे सेक्रेटरी तुम्हीच आहात. लेटरहेड काढा, खाली गोल शिक्का मारा आणि लिफ्टशेजारी लावा: ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की पार्किंगमध्ये वाद्ये वाजविण्यास सक्त मनाई आहे.’ आणि त्याखाली पेनाने, तुमच्या स्वतःच्या अक्षरात: ‘दुसरा कॉर्ड चुकतो आहे.’