शेंगापोळीचा तपास

मला रहस्यकथा लागते ती खून कमी आणि चहा जास्त असलेली. सध्या नाद लागलाय तो इंग्लंडातल्या जुन्या हवेल्यांचा, जिथं तपास पोलीस नाही, घरातले नोकर करतात. बटलर, स्वयंपाकीण, भांडी घासणारी पोरगी. हाउसकीपर तर कमरेला सगळ्या घराच्या किल्ल्या लावून फिरते आणि लग्न झालेलं नसलं तरी तिला ‘मिसेस’च म्हणायचं. १९११च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये १२ लाखांवर बायका घरकामाला होत्या. म्हणजे २४ लाख कान. साहेब लपवणार काय, कप्पाळ!

हे सगळं पुस्तकात फार गोड वाटतं. आमच्याकडे नरसम्मामावशी आहेत.

मावशी पूर्वी विड्या वळायच्या. दिवसाला हजार विड्या, पंचवीस-पंचवीसची बंडलं. त्यामुळे त्यांची बोटंच मोजतात, मोजायला डोळे लागतच नाहीत. संक्रांतीला बायकोनं पुण्याच्या भावासाठी शेंगापोळ्या केल्या. पंचवीस. पोळ्या डब्यात भरल्या मावशींनी. माझ्या वाट्याला अर्धी, कारण मला साखरेचा आजार.

दुपारी बायको बहिणीबरोबर गड्ड्याला, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेला गेली आणि मी डब्याकडे. एकच खाणार होतो. पण गरम तव्यावर परतून, वर तूप सोडलं की कडेला गूळ जरा बाहेर येऊन चटका लागतो, तो तुकडा खाल्ल्यावर माणूस मोजत नाही. तीन झाल्या. मग मी पुरावा नष्ट केला. तवा घासला, ताटली घासली, पुसून जागेवर ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा.

तिथंच फसलो.

मावशी चार वाजता आल्या. ओट्यापाशी उभ्या राहिल्या. ताटली उचलून तिरकी धरली, मागच्या बाजूला बोट फिरवलं. मग मोरीतल्या पिंपात डोकावल्या. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्यामुळे पिंपातली पातळी घरातल्या प्रत्येकाला पाठ.

“काका, दोन तांबे पाणी कुठं गेलं?”

“तोंड धुतलं.”

“ताटलीचं?”

मी पुस्तकात तोंड खुपसलं. तेवढ्यात डब्याचं झाकण वाजलं. पुढचं मोजायला त्यांना झाकण पुरतं उघडावंही लागलं नाही.

“बावीस,” त्या म्हणाल्या आणि तेलुगूत काहीतरी पुटपुटल्या. चांगलं नसावं.

एस. एस. व्हॅन डाइन नावाच्या अमेरिकन लेखकानं १९२८मध्ये रहस्यकथेचे २० नियम घालून दिले. त्यातला अकरावा: नोकराला गुन्हेगार करू नका, ते फार सोपं पडतं, गुन्हेगार कसा वजनदार माणूस हवा. माझं वजन ९१ किलो. नियमात मी चपखल बसतो. पण नोकरानं तपास लावून गप्प बसायचा मोबदला मागू नये, असा नियम त्या विसात एकही नाही.

सहा वाजता बायको आली, डबा उघडला.

“अगंबाई, तीन कमी कशा?”

“मुंग्या लागल्या होत्या बाई, मीच टाकल्या,” मावशी फडकं पिळत म्हणाल्या. आणि तसंच पिळत माझ्याकडं बघून, “उद्या-परवा मी येत नाही बगा. नातवंडांना गड्ड्यात पाळण्यात बसवायचंय. भांडी काका घासतील. त्यांना येतंय.”